पौषातली उन्हाळी

वाचकाचं पत्र

मॅडम, नमस्कार.

मी ४७ वर्षांची, नागपुरात मानेवाड्याला राहते, अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. सहा वर्षांपासून साखर आहे. गेली चार-पाच वर्षं मला सारखी उन्हाळी लागते. मेडिकलवाल्याकडून पाच दिवसांच्या गोळ्या आणते, बरं वाटतं, दोन महिन्यांनी पुन्हा तेच. यंदा तर पौषातही उन्हाळी लागली, थंडी वाजून ताप आला, उजव्या कमरेत ठणका सुरू झाला. वर्षभरात नऊ किलो वजन कमी झालं. हिमोग्लोबिन ८.६. सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन. उजव्या किडनीत मोठा खडा, किडनी सुजलेली, आणि रिपोर्टात लिहिलंय 'झॅन्थोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस असावा, ट्यूमर नाकारता येत नाही'. डीटीपीए स्कॅनमध्ये उजवी किडनी फक्त ७ टक्के काम करते आहे. रक्तातलं क्रिएटिनिन १.० आहे, म्हणजे नॉर्मल. सर्जन म्हणतात, किडनी काढा.

घरी कोणाचा धीर नाही. हे म्हणतात, "एक काढली तं राहिलं काय?" सासूबाई पानफुटीचा रस देतात, कुळथाचं कढण देतात. मुलीचं लग्न वैशाखात ठरलं आहे. तोवर थांबलं तर नाही का चालणार? हा कॅन्सर आहे का? औषधाने किडनी वाचणार नाही का? हे मुलीला होऊ शकतं का? तिच्या सासरी कळलं तर काय, ही भीती वेगळीच. आणि एक मनातलं सांगते. आमच्या शाळेत शिक्षिकांसाठी धड संडास नाही, म्हणून वीस वर्षं मी शाळेत पाणीच पीत नव्हते. हे माझं मीच ओढवून घेतलं का?

– एक शिक्षिका

उत्तर

प्रिय बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा 'पौषातही उन्हाळी लागली' या वाक्यापाशी थांबले. लघवीच्या जळजळीला आपण उन्हाळी म्हणतो, आणि या शब्दाने आपल्या भागातल्या कितीतरी बायकांचा आजार झाकून ठेवला आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, अंगातलं पाणी घामावाटे निघून जातं, लघवी घट्ट होते, जळजळते. धन्याजिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक घेतलं की दोन दिवसांत बरं वाटतं. ती खरी उन्हाळी. पण हुडहुडी भरून ताप, कमरेत एकाच बाजूला ठणका, आणि हे सगळं पारा दहाच्या खाली उतरलेला असताना? त्यात उन्हाचा काही संबंध नाही. हा जंतुसंसर्ग आहे, आणि तोच तोच संसर्ग वर्षानुवर्षं परत येतो तेव्हा त्याने शरीरात कुठेतरी बिऱ्हाड केलेलं असतं. तुमच्या बाबतीत ते बिऱ्हाड उजव्या किडनीतल्या खड्यात आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट. तीस वर्षं माणसांच्या शरीरातून काढलेले भाग कापून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हे माझं काम होतं. या आजाराच्या किडन्या माझ्या टेबलावर आल्या त्या मोजक्याच, पण एकदा पाहिली की विसरत नाही. निरोगी किडनी मुठीएवढी, गुळगुळीत, तांबूस तपकिरी असते, वजन साधारण दीडशे ग्रॅम. ही मात्र फुगलेली, खडबडीत, आजूबाजूची चरबी तिला घट्ट चिकटलेली. सुरीने उभी चिरली की मधोमध खडा, सांबराच्या शिंगासारखा फाटे फुटलेला, आणि फाट्यांच्या टोकांशी पू साचलेल्या पोकळ्या. त्या पोकळ्यांच्या भोवती जुन्या तुपाच्या रंगाचे पिवळे पट्टे आणि गाठी. त्या पिवळेपणावरूनच आजाराला हे लांबलचक नाव पडलं आहे. ग्रीक भाषेत झॅन्थोस म्हणजे पिवळा. श्लागेनहाउफर नावाच्या ऑस्ट्रियन पॅथॉलॉजिस्टने १९१६ साली याचं पहिलं वर्णन केलं. डॉक्टर बोलताना याला नुसतं 'एक्सजीपी' म्हणतात, मीही आता तेच म्हणते.

हा पिवळा रंग येतो कुठून? खड्यामुळे लघवीची वाट अडते. अडलेल्या लघवीत जंतू वाढतात, किडनीचा गाभा सडू लागतो. शरीर साफसफाईसाठी आपल्या भक्षक पेशी पाठवतं. त्या मेलेल्या पेशी, मेलेले जंतू, त्यांतली चरबी गिळत जातात, गिळून गिळून फुगतात, आणि तिथेच अडकून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या साबणाच्या फेसासारख्या दिसतात. खडा हललेला नसतो, वाट मोकळी झालेली नसते, म्हणून शरीर आणखी पेशी पाठवतं. हे वर्षानुवर्षं चालतं आणि हळूहळू किडनीच्या जागी हा पिवळा गोळाच उरतो. मधल्या वयातल्या बायकांत, त्यातही साखर असलेल्यांत, तो जास्त दिसतो आणि बहुतेक वेळा एकाच बाजूला होतो.

तुमचा खडाही बहुधा जंतूंनीच बांधलेला असावा. प्रोटियस नावाचा एक जंतू लघवीतला युरिया फोडून अमोनिया तयार करतो, त्याने लघवी अल्कधर्मी होते आणि त्यात मॅग्नेशियम-अमोनियम-फॉस्फेटचा खडा झपाट्याने वाढतो. त्या खड्याच्या पोटात जंतू जिवंत राहतात, औषध तिथवर पोचत नाही. पाच दिवसांच्या गोळीने वाहत्या लघवीतले जंतू मेले, तुम्हाला बरं वाटलं, खड्यातले तसेच राहिले. तुमच्या लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, एकदा तरी झालं असेल आणि 'नो ग्रोथ' आलं असेल तर त्यावर विसंबू नका. वाट पूर्ण अडलेली असली की आजारी किडनीतली लघवी मूत्राशयापर्यंत उतरतच नाही, आणि बाटलीत भरते ती निरोगी किडनीची.

आता तुमचा पहिला प्रश्न. हा कॅन्सर आहे का?

सीटीवर खड्याभोवती फुगलेल्या पोकळ्या गोल गोल दिसतात, रेडिओलॉजिस्ट त्या चित्राला अस्वलाचा पंजा म्हणतात. मोठा खडा, फुगलेली आणि काम न करणारी किडनी, ताप, वजन घटणं, कमी हिमोग्लोबिन, साखर: तुमचं सगळं चित्र एक्सजीपीकडेच बोट दाखवतं. तरीही रिपोर्ट लिहिणाऱ्याने 'ट्यूमर नाकारता येत नाही' असं लिहिलं, ते प्रामाणिकपणे लिहिलं. हा आजार कॅन्सरची हुबेहूब नक्कल करतो. मलासुद्धा पहिल्या नजरेत शंका आली आहे, कारण किडनीच्या नेहमीच्या कॅन्सरच्या पेशीही चरबीने भरलेल्या, फिकट दिसतात. मग वेगळे रंग देऊन पाहावं लागतं: सीडी ६८ या खुणेने भक्षक पेशी ओळखू येतात, सायटोकेरॅटिनने कॅन्सरच्या. सुईने काढलेल्या तुकड्यावर निश्चिंत होता येत नाही, तुकडा चुकीच्या जागचा असू शकतो. पक्कं उत्तर पूर्ण किडनी तपासल्यावरच मिळतं. आपल्या देशात आणखी एक गोष्ट विसरायची नसते, ती म्हणजे क्षयरोग. किडनीचा टीबीही असाच लपून राहतो. काढलेल्या भागाची टीबीसाठी तपासणी करा असं सर्जनना आधीच सांगून ठेवा, तुकडा वेळेत वेगळा ठेवावा लागतो.

मग औषधाने किडनी वाचणार नाही का? एक्सजीपी किडनीच्या एखाद्याच कोपऱ्यात असेल तर तेवढाच भाग काढून उरलेली किडनी वाचवता येते, क्वचित नुसत्या अँटिबायोटिकवरही भागतं. तुमचा प्रकार तो नाही. ७ टक्के म्हणजे वाचवण्यासारखं तिथे काही उरलेलं नाही. आणि हे सांगताना मला वाईट वाटतं, पण सांगते: ती किडनी आता तुमच्या बाजूने नाही. ती लघवी गाळत नाही, पू तयार करते. भूक मारते, वजन खाते, हिमोग्लोबिन खाली ओढते. लोहाच्या गोळ्यांनी ते वर आलं नसेल, कारण शरीरात सतत दाह असला की लोह असूनही वापरता येत नाही. ती तशीच ठेवली तर पू किडनीच्या बाहेर पडतो, पाठीच्या स्नायूत उतरतो, कधी आतड्याला भोक पाडतो, कधी कमरेच्या कातडीतून बाहेर येतो. हे मी घाबरवायला लिहीत नाही. 'यांना' वाटतं की एक काढली तर राहिलं काय. त्यांना रिपोर्टातला आकडा दाखवा. काम करणारी किडनी आजच एक आहे, ती डावी, आणि तुमचं १.० क्रिएटिनिन तिच्या एकटीच्या जोरावर आहे. ऑपरेशनने काम करणारी किडनी जात नाही, आजारी किडनी जाते.

सासूबाईंच्या मायेबद्दल माझ्या मनात आदर आहे. माझ्या आत्याही काटोलहून पानफुटीची पानं पिशवीत भरून आणायच्या. त्यांना असं सांगा की लहान खडा असता तर तो पाण्याबरोबर निघून गेला असता, पण हा किडनीच्या सगळ्या कप्प्यांत पसरलेला आहे, पानाच्या रसाने किंवा कढणाने तो विरघळत नाही. रस बंद करा. ऑपरेशनच्या आधी कुठलाही काढा, भस्म, वजन वाढवायची पावडर नको. त्यांना काही करावंसं वाटत असेल तर तुमच्या साखरेच्या वेळा सांभाळायला सांगा, त्याचा खरोखर उपयोग होईल.

आणि लग्न. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात अवघड वाटलेला भाग हाच. आईला वाटणारच की लेकीची हळद आधी. पण हिशेब मांडून पाहा. माघ संपतो आहे, मध्ये फाल्गुन आणि चैत्र आहेत. हे ऑपरेशन घाईघाईत करायचं नसतं. आधी कल्चरनुसार अँटिबायोटिक देऊन संसर्ग आवाक्यात आणतात, पू जास्त साचला असेल तर कमरेतून नळी घालून काढतात, साखर खाली आणतात, गरज असेल तर रक्त देतात. त्यात दोन-तीन आठवडे जातील. ऑपरेशननंतर पूर्ववत व्हायला साधारण सहा आठवडे धरा. आता सुरुवात केली तर वैशाखात तुम्ही मांडवात बसलेल्या असाल अशी मला आशा आहे, थकलेल्या असाल, जड काही उचलणार नाही, पण तापाशिवाय बसलेल्या असाल. थांबलात तर त्या पुवाला लग्नाची तिथी माहीत नाही. रुखवत मांडायच्या दिवशी हुडहुडी भरली तर? तेव्हाचं ऑपरेशन तातडीचं, जास्त धोक्याचं आणि जास्त खर्चाचं असेल. अगदी गरज पडलीच तर तिथी पुढे ढकलता येते. त्यात कमीपणा नाही.

या मधल्या दिवसांत थंडी वाजून ताप, उलट्या, लघवी कमी होणं, ग्लानी किंवा बडबड यांतलं काही झालं तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजतासुद्धा सरळ तातडीच्या विभागात जा. जंतू रक्तात उतरले की तासांना किंमत असते.

ऑपरेशनबद्दल दोन गोष्टी सर्जनशी मोकळेपणाने बोला. एक्सजीपीची किडनी आजूबाजूच्या सगळ्यांना चिकटून बसते. उजवीकडे यकृत आहे, लहान आतड्याची सुरुवात आहे, शरीरातली सर्वांत मोठी नीला आहे. म्हणून हे नेहमीच्या किडनी काढण्यापेक्षा कठीण काम आहे. दुर्बिणीने सुरू करून मध्येच पोट उघडावं लागलं तर ते सर्जनचं अपयश समजू नका, ती सावधगिरी असते. असे रुग्ण त्यांनी आधी केले आहेत का, रक्त किती तयार ठेवणार, आतड्याला इजा झाली तर दुसरा सर्जन हाताशी आहे का, हे विचारायला संकोच कशाला? चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटीत किंवा मिहानच्या एम्समध्ये युरोलॉजीच्या ओपीडीत सीटीची सीडी आणि डीटीपीएचा कागद घेऊन जा. फक्त हे पुढच्या आठवड्यात उरका. दुसऱ्या मताच्या नावाखाली महिने गेलेले मी पाहिले आहेत.

तुमच्या साखरेच्या सगळ्या गोळ्यांचे पत्ते पिशवीत घालून न्या. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या ऑपरेशनच्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, आणि हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक असायला हवं. स्वतःहून मात्र काहीच बंद करू नका.

एका किडनीवर किती जगाल? आपल्या माणसासाठी किडनी देणाऱ्या आया, बहिणी, बायका आपल्या आसपास आहेत, त्या संसार करतात, शेतात राबतात. काही माणसं जन्मालाच एक किडनी घेऊन येतात आणि साठीला कुठल्यातरी सोनोग्राफीत त्यांना ते कळतं. उरलेली किडनी थोडी मोठी होते आणि भार उचलते. तुम्हाला मात्र साखर आहे, म्हणून तुमच्या डाव्या किडनीला दात्याच्या किडनीपेक्षा जास्त जपावं लागेल. साखर आणि रक्तदाब काबूत, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन डॉक्टर सांगतील त्या अंतराने. डोकं दुखलं, गुडघा दुखला म्हणून ब्रूफेन, डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही, ती सवय शिक्षकांच्या खोलीत फार असते. आणि यापुढे लघवीची जळजळ झाली तर गोळीच्या आधी कल्चर, मग ती वैशाखात होवो की पौषात.

तुमच्यामुळे मुलीला हे होणार नाही. एक्सजीपी आनुवंशिक नाही, संसर्गजन्यही नाही, घरात कोणाला तुमच्यापासून लागणार नाही. तिच्या सासरी दवंडी पिटायची गरज नाही, पण लपवायचंही काही नाही. आईच्या किडनीत खडा होता, ऑपरेशन झालं, हे वाक्य कुठल्याही घरात सांगता येतं.

आता तो मनातला प्रश्न. बाई, तुम्ही हे ओढवून घेतलेलं नाही. पाणी कमी पडलं, लघवी तासन् तास रोखली की खड्याला आणि संसर्गाला वाव मिळतो, हे खरं. पण त्या शाळेत बाईमाणसाला आत जाता येईल असा संडास नसणं हा काही तुमचा निर्णय नव्हता. सकाळी सातला घरून निघणाऱ्या, दुपारपर्यंत ओठ ओले करून भागवणाऱ्या शिक्षिका मी आयुष्यभर पाहत आले. त्यात एसटीच्या कंडक्टर बाई आहेत, बंदोबस्तावरच्या महिला पोलीस आहेत, सीताबर्डीच्या बाजारात दिवसभर टोपली घेऊन बसणाऱ्या आहेत. एवढ्या उन्हाच्या शहरात बाईने तहान मारून काम करावं हे आपण सगळ्यांनी चालवून घेतलं. मला याचा राग येतो, आणि तो तुमच्यावर मुळीच नाही. बऱ्या झालात की मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, सगळ्या शिक्षिकांच्या सह्या घेऊन. मोठ्या वर्गातल्या मुलीही त्याच संडासाला घाबरून पाणी पीत नसतील.

खर्चाचं थोडक्यात. अनुदानित शाळेत आहात तर वैद्यकीय प्रतिपूर्तीसाठी काय काय कागद लागतात ते भरती होण्याआधीच शाळेच्या लिपिकाला विचारा आणि प्रत्येक बिल, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजना तुम्हाला लागू होते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड दाखवून विचारता येईल.

उद्या सकाळी सर्जनना फोन करा आणि कल्चर आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) यांची तारीख ठरवा. मुलीला आज रात्रीच सांगा. लग्नाच्या खरेदीत तिला तुमचा चेहरा दिसतोच आहे, आणि न कळणाऱ्या गोष्टीला ती जास्त घाबरली असेल. काढलेल्या किडनीचा रिपोर्ट यायला आठवडाभर लागेल. त्यात झॅन्थोग्रॅन्युलोमॅटस शब्द आहे का, कॅन्सरबद्दल काय लिहिलंय, टीबीची तपासणी झाली का, हे तिन्ही पाहा. कळलं नाही तर त्याची झेरॉक्स मला याच पत्त्यावर पाठवा, मी ओळ न् ओळ वाचून तुम्हाला उत्तर लिहीन.